दोनशे चौदा नंबरची पिशवी

मंदाबाईंनी छापलेलं लेबल पितांबरच्या टेबलावर आपटलं.

"भाऊ, हाई मी काल नीट करेल व्हतं! आज परत ए गट कसा?"

धुळ्याच्या त्या रक्तपेढीत संगणक येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दोनशे चौदा नंबरच्या पिशवीतल्या रक्ताचा गट आदल्या दिवशी फेरतपासणीत 'ए'ऐवजी 'बी' निघाला. मंदाबाईंनी तो यंत्रात दुरुस्त केला आणि सकाळी यंत्रानं जुनाच छापला. पिशवी साक्रीच्या द्रौपदाबाई नावाच्या बाळंतिणीला लागणार होती. रक्त देण्याआधी ते जुळतं का बघतात त्या क्रॉसमॅचमध्ये पकडली गेली म्हणून बाई वाचली. पंधरा वर्षांच्या नोकरीत मंदाबाईंना रक्तपेढीच्या डॉक्टरसाहेबांकडून पहिला मेमो मिळाला. आणखी एक मिळाला की घरचा रस्ता.

"विसरला असाल, अक्का," यंत्राचा प्रोग्राम लिहिणारा पितांबर गुटखा चघळत म्हणाला.

शी! मंदाबाईंना त्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी त्याच्यासमोर एक नोंद दुरुस्त केली, शेजारच्या टर्मिनलवर नव्या रक्तदात्याची नोंद केली आणि पहिली नोंद पुन्हा उघडली. दुरुस्ती गायब!

पितांबरचं चघळणं थांबलं. यंत्र वाचलेलं नोंदींचं पान मेमरीत ठेवायचं आणि सवडीनं डिस्कवर उतरवायचं. वेळ वाचवायला त्यानं दुरुस्त्या मात्र मेमरीला वळसा घालून थेट डिस्कवर लिहायची सोय केली होती. मेमरीतल्या पानाला त्यांचा पत्ताच नसायचा. त्या जुन्या पानावर नवी नोंद पडली, की ते अख्खं पान मागाहून दुरुस्तीवर जाऊन बसायचं.

त्याच दुपारी त्यानं प्रोग्राम बदलला. आधी मेमरीतलं पान डिस्कवर उतरवायचं, मग मेमरीतून काढून टाकायचं आणि मगच दुरुस्ती लिहायची.

"साहेबांना नका सांगू, अक्का. झालं ना नीट?"

त्यानं स्वतःहून सांगावं म्हणून मंदाबाई आठवडाभर गप्प राहिल्या. तो रोज येऊन चहा पिऊन जायचा.

शनिवारी डॉक्टरसाहेब खुशीत आले. "पाहिलंत पितांबर? एक मेमो दिला आणि आठवड्यात एक चूक नाही!"

"हो साहेब," पितांबर बशीत फुंकर मारत म्हणाला.

मंदाबाई जागेवरून उठल्या. त्यांनी यंत्राची नोंदवही त्याच्यापुढे सरकवली.

"काय बदल केला तो लिहा. नियम आहे."

साहेब बघत होते. त्यानं लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती.'

मंदाबाईंनी वही ओढली. त्या दोन शब्दांखाली पिशवीचा नंबर लिहिला, द्रौपदाबाईचं नाव लिहिलं, आणि पेन परत त्याच्या हातात दिलं.

"आता सही करा."