एका अंकाने मंद

ताकाओकात देव्हाऱ्यातल्या घंटा घडवणारे पुष्कळ आहेत, पण 'होबिकावाला' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा, नुकुई सेइजी. दिवसभर कारखान्यात पितळी घंटा घासायच्या, ठोकून कानाशी धरायच्या, नाद बसका निघाला तर बाजूला टाकायच्या. आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी किचुकावा आजीच्या खेळण्यांच्या दुकानाचा जिना चढायचा. वरच्या मजल्यावर दहा-बारा जण आपापलं खेळयंत्र घेऊन बसलेले असत आणि पडद्यावरचे राक्षस एकमेकांवर सोडत असत. नुकुईचं वय एक्केचाळीस. लग्न झालेलं नव्हतं. होबिका होती.

होबिका म्हणजे त्या खेळातलं एक माकूळ. अंगावर निळे दिवे, दिसायला गोड, आणि अंगात दम म्हणाल तर एका टिचकीचा. मात्र त्याला एक खेळी, फक्त एक खेळी, गप्प बसून उजेड साठवू दिला, तर मग समोर येईल तो एकेका फटक्यात आडवा. मैदान झाडून काढतं अगदी. ती एक खेळी त्याला मिळावी म्हणून बाकीच्यांनी मरायचं असतं. खेळाचा नियम असा की सहा राक्षस समोरच्याला दाखवायचे आणि त्यांतले तीनच उतरवायचे. नुकुईचे पाच राक्षस सहावीसाठी जगत होते. कासव मार खायचं, घार वारं आणून तिचा वेग वाढवायची आणि मुकाट्याने मरायची, आणि मग ती यायची. ओरिन. देव्हाऱ्यातल्या घंटेचं नाव, ओरिन, तेच त्याने तिला ठेवलेलं. दोनशे चौदा अंडी उबवली तेव्हा कुठे मनासारखी ही एक निघाली होती.

"नुकुईसान, माकूळ मिसो लावून खायचं असतं हो," कॉलेजात शिकणारा ओगुची त्याला डिवचायचा. "त्याच्यावर जीव नसतो लावायचा."

"तू तुझे ड्रॅगन सांभाळ," नुकुई म्हणायचा, आणि मनातून सुखावायचा. थट्टा का होईना, होबिका म्हटलं की लोक त्याच्याकडे बघत होते.

दुकानाच्या भिंतीवर लाकडी पाट्यांची रांग होती. दर नोव्हेंबरात वर्षाची मोठी स्पर्धा व्हायची आणि जिंकणाऱ्याचं नाव आजी स्वतः कुंचल्याने पाटीवर लिहायची. त्याच्याखाली अंतिम लढतीत उतरलेल्या तीन राक्षसांची नावं. उतरलेल्यांचीच. बाकावर बसून राहिलेल्याचं नाव आजी लिहीत नसे, मग तो कितीही लाडका असो. नऊ वर्षांत नुकुई दोनदा अंतिम लढतीपर्यंत पोचला आणि दोन्ही वेळा एका दगडी खेकड्याने ओरिनला चिरडलं. त्या खेकड्याचा टोला कुणाचाही वेग न जुमानता आधी बसतो. नुकुईने मग खेकडा खाणंसुद्धा सोडलं. भिंतीवर एकदा होबिकाचं नाव लागावं आणि ते आपल्या हातून लागावं, यापलीकडे त्याला काही नको होतं.

अशात शिओता फुसाए आली.

पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं शिक्के मारलेली बाई. मुलगा ओसाकाला नोकरीला गेला, त्याचं जुनं खेळयंत्र विकून टाकावं म्हणून दुकानात आली. वरून हसण्याचे आवाज ऐकले, जिना चढली, आणि दोन तास दाराशी बसून राहिली. नुकुईने तिला खेळ समजावून सांगितला. सांगताना इतका रंगला की निघताना तिच्या यंत्रात एक होबिकाच पाठवून दिली.

"ही घ्या. माझ्याकडेच अंड्यातून निघालीय. नाव नाही ठेवलेलं."

"मी ठेवू?"

"नाही जमायचं. ज्याच्या यंत्रात अंडं फुटलं तो पालक. नाव ठेवायचा हक्क पालकाचा. कधी हवं असेल तर माझ्याकडे आणा, ठेवून देऊ."

शिओताने पोस्टातल्या सवयीने लवून आभार मानले. नुकुईला त्या दिवशी फार बरं वाटलं. ती होबिका टाकाऊ होती, ओरिनपेक्षा वेगात एका अंकाने कमी. दोनशे तेरांतली एक. कारखान्यात बसक्या नादाची घंटा बाजूला टाकतात, तशी त्याने ती बाजूला टाकली होती. टाकाऊ वस्तू देऊन दानशूर व्हायला काय लागतं?

पहिलं वर्ष शिओता हरत राहिली. हरली की "अरेच्चा" म्हणायची आणि वहीत काहीतरी लिहून घ्यायची. दुसऱ्या वर्षी ती हरेनाशी झाली.

तिचा संघ सगळ्यांना चक्रम वाटला. सगळा जमाव मंद. शिंपला मंद, दगडी भिंत मंद. पहिल्याच खेळीला शिंपला 'उलटी लाट' आणायचा. लाट उलटली की जो जास्त मंद त्याची पाळी आधी. मग ती बिननावाची होबिका यायची, उजेड साठवायची, आणि भले भले वेगवान ड्रॅगन हात चोळत बसायचे. ओगुचीचे तर तिन्ही एका दमात गेले. त्याने उठून शिओताला वाकून नमस्कार केला.

लोक तिला 'होबिकाताई' म्हणायला लागले.

नुकुईच्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून. आजी तिच्यासमोर चहाबरोबर गोड वड्या ठेवायची. नऊ वर्षांत नुकुईला नुसता चहा मिळाला होता. पोरं तिच्या वहीत डोकं खुपसून बसायची. ती भातगोळे करून आणायची, कोंबूच्या, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पट्टीत गुंडाळलेले, आणि सगळे ते खायचे. नुकुईही खायचा. चांगले झालेले असायचे, त्याचाही त्याला राग यायचा. ती जिंकली की तो टाळ्या वाजवायचा आणि घरी जाताना सायकलवर तोंडातल्या तोंडात बडबडायचा. माझंच पिल्लू, माझीच शिकवणी, आणि नाव हिचं! यंत्रात 'पालक: नुकुई' असं लिहिलेलं असायचं, पण ते उघडून बघतो कोण?

सप्टेंबरात एक नवा खेळाडू आला. त्याने नुकुईचे सहा राक्षस पाहिले आणि भाबडेपणाने विचारलं, "अरे वा, तुम्हीही शिओतासानचं बघून होबिका घेतलीत वाटतं?"

ओगुची फस्सकन हसला. नुकुईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी गेला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा दगडी खेकड्याची अंडी उबवायला बसला.

दोन महिने त्याने तो खेकडा वाढवला. त्याचा बथ्थड चेहरा बघवत नव्हता, तरी वाढवला. शिओताच्या होबिकाचं नाव पाटीवर लागता कामा नये, या एका गोष्टीभोवती त्याने अख्खा संघ रचला. ओरिनही त्या संघात होती. सहा जणांत. दाखवायला. नुकुई ओरिनला सोडून उतरेल यापेक्षा ताकाओकाच्या बुद्धाची मूर्ती उठून स्टेशनवर जाईल, हे दुकानातल्या खांबालाही ठाऊक होतं. त्याच विश्वासावर त्याला शिओताला फसवायचं होतं.

नोव्हेंबरातली अंतिम लढत त्या दोघांचीच झाली. वेगळं काही कुणाला अपेक्षित नव्हतं. ओगुचीने भिंतीवरचा मोठा पडदा लावला, आजी खुर्ची ओढून बसली.

"दोन होबिका अंतिम फेरीत!" ओगुची म्हणाला. "यंदा पाटीवर माकूळ लागणारच. कुणाचं का असेना."

"सांभाळून घ्या हं, नुकुईसान," शिओता हसून म्हणाली. तिने नवा स्वेटर घातला होता. पाटीबरोबर फोटो काढतात म्हणून असणार.

पडद्यावर दोघांचे सहा-सहा राक्षस दिसले. शिओताने नुकुईचा खेकडा पाहिला, क्षणभर थांबली, मग ओरिनकडे पाहून तिने मान डोलावली आणि आपले तिघे निवडले. नुकुईने कासव निवडलं. घार निवडली. त्याचं बोट ओरिनवर गेलं, नऊ वर्षांच्या सवयीने आपोआप गेलं. ते त्याने उचललं आणि खेकड्यावर ठेवलं.

शिंपल्याने लाट उलटवली. नुकुईचं कासव मार खाऊन पडलं, घारही पडली. पडताना तिने शिंपला मात्र नेला. शिओताची होबिका आली आणि गप्प बसून उजेड साठवायला लागली. निळे दिवे एकेक करून पेटले. आता उरली ओरिन असं सगळे धरून चालले होते, आणि उलट्या लाटेत एका अंकाने मंद असलेली होबिका ओरिनच्या आधी फटका मारणार हेही सगळ्यांना माहीत होतं.

नुकुईने खेकडा सोडला.

कोणतीही लाट असो, त्याचा टोला आधी बसतो. तो बसला. सगळे दिवे एकदम विझले. होबिका पडतानाचा तो बारीक आवाज नुकुईने यापूर्वी फक्त ओरिनच्या तोंडून ऐकला होता, त्या दोन हरलेल्या लढतींत. आवाज तोच होता. उरलेली दगडी भिंत फोडायला खेकड्याला चार खेळ्या पुरल्या.

"ओरिन आलीच नाही?" ओगुची म्हणाला. मग टाळ्या वाजल्या, वाजायच्या तेवढ्या.

आजीने पाटी मांडीवर घेतली, नुकुईचं नाव लिहिलं, आणि कुंचला पुन्हा शाईत बुडवला. "हं, तिघांची नावं सांग."

"कासव. घार." मग नुकुई म्हणाला, "खेकडा."

"आणि ओरिन रे?"

"बसून होती, आजी."

"मग नाही लिहिता यायचं," आजी म्हणाली आणि तिने ठसठशीत अक्षरात खेकडा लिहिलं. ज्याला नऊ वर्षं शिव्या घातल्या तो भिंतीवर नुकुईच्या नावाखाली जाऊन बसला. नुकुई जिंकल्यासारखं वाटायची वाट बघत होता. वाटत नव्हतं.

शिओता यंत्र घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसली. डोळे किंचित लाल होते, पण आवाज पोस्टातला, स्वच्छ.

"छान फसवलंत हो. मी खेकडा बघितला होता, पण म्हटलं, नुकुईसान ओरिनशिवाय? छे." ती थांबली. "एक काम होतं. हिचं नाव ठेवायचं राहून गेलंय. जिंकले असते तर पाटीवर नावानिशी लागावी म्हणून आज सकाळीच विचारणार होते, मग म्हटलं आधी जिंकू तर. आता हरले, पण नाव हवंच. तुम्ही पालक. तुम्हीच ठेवा."

तिने ती होबिका त्याच्या यंत्रात पाठवली. नुकुईने उघडून पाहिली. तीनशे अठ्ठावीस विजय. ओरिनचे याच्या निम्मेही नव्हते. पालक: नुकुई. वेग: एकाने कमी.

"आणि आभारही मानायचे होते," शिओता म्हणाली. "तुम्ही मुद्दाम एका अंकाने मंद दिलीत ना? ओगुचीने पहिल्याच महिन्यात दाखवलं मला. मी वर्षभर विचार करत होते, नुकुईसानसारखा जाणता माणूस मंद का देईल? मग ध्यानात आलं. लाट उलटवली की हीच पहिली. सगळा संघ मी त्यावर उभा केला. मी सगळ्यांना सांगते, हे बीज नुकुईसानचं."

आजी ऐकत होती, ओगुची ऐकत होता. नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. वर्षभर ज्याच्यासाठी तो जळत होता ते सगळं ही बाई स्वतःहून त्याच्या ओंजळीत टाकत होती: संघ, युक्ती, तीनशे अठ्ठावीस विजय. त्याने मान डोलवायला सुरुवातसुद्धा केली.

"नाही," तो म्हणाला. "मुद्दाम नाही दिली. टाकाऊ होती. नको होती मला, म्हणून दिली."

शिओताने त्याच्याकडे पाहिलं.

"लाटेचं माझ्या डोक्यातही नव्हतं," तो म्हणाला. "आजपर्यंत नव्हतं. आणि वर्षभर तुमच्यावर जळतोय मी. खेकडाही त्यापायीच."

मग हळूहळू तिचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे," ती म्हणाली, "हे सगळं माझं मीच केलं?"

"हो."

"कुणी न शिकवता?"

"हो," नुकुई म्हणाला. हे दुसरं हो त्याला पहिल्यापेक्षा जड गेलं.

"मग नाव मी सांगते," शिओता ताठ बसून म्हणाली. "तुम्ही नुसतं लिहा. साकाए."

"साकाए?"

"माझी सासू. जन्मभर म्हणत आली, फुसाए, तू मंद आहेस. बसू दे आता तीच मंद होऊन."

आजी खुर्चीत डुलून डुलून हसली. नुकुईने एकेक अक्षर दाबून नाव लिहिलं आणि होबिका परत पाठवली. शिओताने ती पडद्यावर मोठी करून ओगुचीला दाखवली, ओगुचीने बाकीच्यांना बोलावलं, आणि सगळे तिच्याभोवती गोळा झाले. पाटीचा फोटो काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नुकुईच्या पोटात पुन्हा दुखलं, अगदी पूर्वीसारखंच.

त्याने आपलं यंत्र उघडलं. कासव पडलेलं, घार पडलेली, खेकडा अर्धामुर्धा. सगळ्यात शेवटी ओरिन होती, साधा ओरखडाही नसलेली, सकाळी घरून निघाली होती तशीच.