शिंप्याच्या अंगणातून पाच फूट

गवंड्यानं दोरी ताणली, ओळंबा सोडला आणि शिंप्यावर खेकसला, "लांब हो जरा. तुझ्या सावलीत मला विटेची कड दिसत नाही."

शिंपी त्याचा अंगणाला अंगण लागून शेजारी, आणि भिंत बांधून घेणाराही तोच. घरात नवी सून आल्यापासून त्याला दोन घरांच्या मधे आडोसा हवा होता. गवंड्याची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिची खाट खिडकीशी आणि खिडकी शिंप्याच्या अंगणावर. दोरीवर कुणाचे कपडे पडले, कोंबडीनं कुठं उकरलं, एवढंच तिचं जग. "दिवसभर डोळे लावून असतात, मला अंगणात वावरायची चोरी," सून म्हणाली. तिचंही काही खोटं नव्हतं.

गावात गवंडी हा एकटाच. परगावचा कुणी आणला, तर तो भिंत वाकडी बांधणार आणि पडणार ती आपल्याच अंगावर. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून यानं काम घेतलं. कचेरीच्या कागदावर शेजारी म्हणून 'हरकत नाही' अशी सहीही ठोकली. नियमानं भिंत पाच फूट. पाच फूट म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेला येऊन थांबणार, बायकोचं बघणं शाबूत राहणार, असं त्यानं मनात मोजलं होतं.

तीन फूट चढली तेव्हा तो पाणी प्यायला घरी आला.

"झाली का हो पुरी?" बायकोनं विचारलं.

"छे, अजून दोन फूट."

"अजून?"

त्यानं खिडकीकडे पाहिलं. वरचा थर चौकटीच्या खालच्या कडेला लागला होता. तांब्या हातातच राहिला.

शिंप्याचं अंगण त्याच्या अंगणापेक्षा दोन फूट उंच होतं. पाणी साचतं म्हणून गेल्या वर्षी त्यात भराव पडला होता. तो टाकणारा आणि धुम्मसानं चोपून पक्का करणारा हाच शहाणा. सही करताना त्यानं मनात आपल्या अंगणापासून मोजलं आणि बांधताना सवयीनं उभं राहिल्या जागेवरून, म्हणजे शिंप्याच्या अंगणातून. तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या, आपलीच मोजायला चुकला.

दुपारी कचेरीतला कारकून टेप घेऊन आला.

"साहेब, माझ्या बाजूनं मोजा. पाच फूट भरलीय," गवंडी म्हणाला.

"भिंत कुणाची?"

"शिंप्याची."

"मग त्याच्या जमिनीपासून मोजायची. नियम आहे."

"पण ती जमीन मी उंच केलीय हो, या हातांनी!"

"परवानगी काढून?"

गवंडी शिंप्याकडे बघायला लागला आणि शिंपी कोंबड्यांकडे.

"तक्रार कर हवी तर," कारकून टेप गुंडाळत म्हणाला. "भराव काढायला लावतो. वर्षभर जाईल. आणि विनापरवाना माती टाकणारा म्हणून पहिलं नाव तुझंच लागेल."

तो गेल्यावर शिंपी हळू आवाजात म्हणाला, "तुला जमत नसेल तर राहू दे रे. दुसरा बघतो. पण सुनेला शब्द दिलाय मी."

गवंड्याला राग यायला हवा होता. त्यानं वाटही पाहिली, पण आला नाही. त्यानं थापी उचलली आणि म्हणाला, "माल सुकतोय."

उरलेले दोन फूट त्यानं दुसऱ्या दिवशी पुरे केले. एक वीट इकडची तिकडे झाली नाही. खिडकीत वर चार बोटं आभाळ उरलं. मग आपल्या बाजूला येऊन त्यानं कुणी न सांगता गिलावा केला, घोटून गुळगुळीत केला. तो वाळल्यावर चुन्याचे तीन हात मारले. पांढऱ्यावर ऊन पडलं की तेवढाच उजेड घरात येईल, असा त्याचा हिशेब होता.

हात धुऊन तो खाटेपाशी बसला.

"उजेड येतोय ना गं?"

"येतोय की," ती म्हणाली. "छान झालीय. सरळ आहे अगदी."

"मग?"

"मग काही नाही. मला जरा त्या कुशीवर वळवा."

त्यानं एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला आतल्या बाजूला वळवलं.