चव म्हणजे खाणं नव्हे

पंखे बनवणाऱ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारीबुवा सव्वीस वर्षं चारशे माणसांचा स्वयंपाक करत होते आणि त्यांची बायको जवळपास तितकीच वर्षं शाळेत मुलांच्या कॉप्या पकडत होती. बाई आता निवृत्त झाल्या होत्या, पण नजर कुठे निवृत्त होते? पोराच्या नुसत्या लाल झालेल्या कानावरून त्याच्या बाहीत चिठ्ठी आहे हे त्या ओळखायच्या. अशा बाईंना स्वतःच्या नवऱ्याची चोरी मात्र आठ महिने सापडत नव्हती.

त्याचं झालं असं, की आचारीबुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. कांदा चिरता चिरता त्यांनी दोनदा अंगठा चिरला, एकदा तर घरात शिरताना शेजाऱ्यांचं दार ढकललं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मात्र शस्त्रक्रियेला तयार नव्हत्या.

"रक्तातली साखर इतकी चढलेली असताना मी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "जखम चिघळली तर आहे ते दिसणंही जायचं."

दोनदा तारीख मिळाली आणि दोनदा रक्ताचा रिपोर्ट पाहून ती पुढे गेली.

बाईंनी कंबर कसली. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीकडून त्यांनी सगळं लिहून आणलं आणि धड्यासारखं पाठ केलं: अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात डाळ नाहीतर कडधान्य, उरलेल्या पाव ताटात धान्य, तेही कोंडा न काढलेलं. डब्यात कधी मसूर, कधी राजमा, शेजारी पालक नाहीतर कोबी-गाजर, वाटीभर दही, उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे आणि सालासकट सफरचंद. नवऱ्यापुढे पालक ठेवायचा आणि आपण बटाटे तळून खायचे, हे काही बाईंच्या मनाला पटेना. त्याही तेच जेवू लागल्या. तीन महिन्यांत त्यांचे सगळे कपडे ढगळ झाले. बुवांची साखर मात्र ढिम्म हलली नाही.

मग संशय आला. बाईंनी बुवांचे खिसे उलटे केले, शर्टाचा वास घेतला, एकदा तर "आ करा बघू" म्हणून दातही तपासले.

"तुझी शपथ," बुवा कळवळून म्हणाले, "डब्याबाहेरचा एक घास जरी खाल्ला असेल तर!"

तिसरी तपासणी तीन महिन्यांवर आली, तेव्हा एका संध्याकाळी बाईंचा तोल सुटला. "खोटारड्या माणसासाठी मी पालक निवडत बसणार नाही," त्या म्हणाल्या. बुवांनी आपला डबा स्वतः घासला आणि भिंत चाचपत आतल्या खोलीत गेले. ते चाचपणं पाहून बाईंनी उठून दिवा लावला, पण राग काही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कॅन्टीनच्या मागच्या दाराने आत गेल्या. बुवांच्या हाताखाली एक बाई होती, चणीने लहान म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. चिमणीने त्यांना कांद्याच्या पोत्यांमागे स्टूल दिलं. बुवांना चार हातांपलीकडचं दिसत नव्हतंच.

बाई रंगेहाथ पकडायला बसल्या होत्या आणि बुवा तर सगळ्यांदेखत चाखत चाललेले. चहाच्या पहिल्या किटलीतला चमचाभर चहा तळहातावर, तिथून जिभेवर. दुसरी किटली, पुन्हा चमचा. भाताची शितं दाबून पाहिली, तोंडात टाकली. बटाट्याचा रस्सा मीठ घालण्याआधी, मीठ घातल्यावर आणि एक उकळी आल्यावर. कस्टर्ड तर चार वेळा, कारण चारशे माणसांचं कस्टर्ड चार पातेल्यांत होतं. पहिल्याच चमच्याला बाईंनी खूण करून चिमणीकडून एक वाडगा मागवला होता. बुवा जितकं चाखतील तितकंच तिने गुपचूप त्यात टाकायचं, असं ठरलं होतं. एक वाजेपर्यंत वाडगा भरून दुसरा अर्धा झाला होता.

एक वाजता बुवांनी हात धुतले, स्टुलावर बसले आणि भुकेल्या माणसाच्या श्रद्धेने बायकोचा डबा उघडला. बाई पुढे आल्या आणि दोन्ही वाडगे त्यांच्यासमोर ठेवले.

"तू इथे? आणि हे काय?" बुवांनी वाडगा डोळ्यांजवळ नेला.

"तुम्ही सकाळपासून जे खाल्लंत ते."

"मी? छे! मी कुठे काय खाल्लं? ती तर चव पाहिली!"

"मग ती चव गेली कुठे?"

बुवांनी वाडगा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "चव म्हणजे काम गं. खाणं नव्हे."

हा माणूस आठ महिने अक्षरशः खरं बोलत होता. बाईंना एकदम रडू फुटलं. "आणि मी तुम्हाला खोटारडे म्हटलं हो!"

"तू नुसतं म्हणालीस. मी तर तुझी शपथ घेतली," बुवा घाबरून म्हणाले आणि बायको धडधाकट आहे ना, हे पाहायला त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पण पुढचं कठीण होतं. न चाखता पातेलं बाहेर पाठवायचं म्हणजे बुवांच्या लेखी न वाचता सही करण्यासारखं. हे त्यांचं त्यांनीच ठरवायचं होतं. शेवटी बुवांनी चमचा चिमणीपुढे धरला. इतकी वर्षं त्यांनी तिला या चमच्याला हातही लावू दिला नव्हता.

"कसं झालंय?"

"छान."

"छान ही काय चव झाली? जिभेला आधी काय लागलं? मागे काय उरलं?"

चिमणी रडकुंडीला आली. बुवांचा हात सवयीने तोंडाकडे जायचा, म्हणून ते हात मागे बांधून उभे राहू लागले. एका आठवड्यात दोन वेळा रस्सा खारट गेला आणि कामगारांनी बोंब मारली. महिन्याभराने मात्र चिमणी म्हणाली, "आधी आंबट लागतंय, मग काहीच नाही. मीठ कमी आहे, पण मूठभर नको, अर्धी मूठ बास." बुवा त्या दिवशी घरी शीळ घालत आले.

तीन महिन्यांनी रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उतरली की साखर! आता करू या."

"तुमच्या तोंडात साखर पडो!" बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी नेहमीसारखं ताट वाढलं: मसूर, पालक, दही आणि उकडलेलं अंडं. बुवांनी अंड्याचे दोन भाग केले आणि थबकले.

"बलकाभोवती ही हिरवट कडा कसली?"

"कसली म्हणजे?"

"जास्त उकडलं की येते. रोजच येते का गं?"

"रोजच," बाई खाली बघत म्हणाल्या. अशा अंड्यावरून बुवांनी कॅन्टीनमध्ये भल्याभल्यांना घरी पाठवलं होतं.

"आणि मी वर्षभर मुकाट्याने खातोय! अंड्याला दहा मिनिटं बास होतात, एवढंही तुला—" ते बोलता बोलता थांबले, कारण बाई पदराने डोळे पुसत होत्या. "अगं, रडतेस काय? बरं, नाही ठेवत नावं."

"ठेवा हो," बाई म्हणाल्या, "आणखी ठेवा."