पलंगाखालचं गाजरगवत

“माळ्याच्या घरची सून अन् फुलाले शिंकते? लोकाईले सांगू तरी काय?” सुतळी दातानं तोडत लीलाबाई बोलली.

“लोकं गेले खड्ड्यात,” अंकुर म्हणाला. “तिचे डोळे पाह्य ना आई. टमाट्यावानी झाले.”

“तू चूप बस. नववीतून घरी बसला अन् आता डाक्टर झाला.”

अंकुरनं हातातला हार टोपल्यात आपटला. राजापेठेत त्याच्या बापाचं, चंद्रभानचं, फुलाचं दुकान. मागं दोन खोल्या. आतल्या खोलीत त्याची वहिनी प्रणाली सटासट शिंकून राहिली होती. मे महिन्यात लग्न होऊन अकोल्याहून आली, पोळ्यापासून नाक वाहाले लागलं.

घरातल्यांनी इलाज केले, एकाहून एक भारी. आईनं ओव्याची धुरी दिली. विपुलनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मोबाइलात पाहून तिच्या नाकात तूप सोडलं अन् दिवसभर छाती फुगवून फिरला. बाबानं तर आतल्या खोलीतला सगळा झेंडूच बाहेर ओट्यावर ताडपत्रीखाली नेला. तेवढी जागा मोकळी झाली, म्हणून तिच्या पलंगाखाली भरतीची पोती सारली.

भरती म्हणजे गुच्छात गुलाबामागं खोसाची बारीक पांढरी फुलं. बाबा ती इकत घेत नसे. रिकाम्या प्लॉटांवर माजलेलं गाजरगवत सकाळी कापून आणे अन् ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवे. सत्काराच्या गुच्छात गेलं की कोणी ओळखत नसे. परवा गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराले अंकुरच गुच्छ घेऊन गेला होता. पाहुण्यानं त्यात नाक खुपसून वास घेतला, अन् मंग अर्धं भाषण शिंकण्यातच गेलं. अंकुर मागं उभा राहून पोटभर हासला. घरी येईस्तोवर हासू थांबलं होतं. त्याले पलंगाखालची पोती आठवली होती.

दोन दिवस तो सांगून राहिला. झेंडू नाही, ते गवत. कोणी ऐकलं नाही. बाबा म्हणाला, दहा वर्षं झाले कापतो, मले काहून होत नाही? अन् आज ठरलंही. चारच्या गाडीनं तिले अकोल्याले पाठवाचं, दिवाळीनंतर पाहू. ते पाहू कसं असते, अंकुरले मालूम होतं. या घरात एक तीच त्याच्याशी माणसावानी बोले.

तो उठला अन् थेट आत गेला. वाकून पोतं ओढलं.

“वहिनी, हे आता नालीत जाते. दोन दिवसात बऱ्या व्हान तुमी. कुठी जा लागत नाही.”

“राहू द्या भाऊजी.”

ती बॅग भरत होती. तेव्हा त्याले दिसलं. त्याच गवताची एक जुडी पलंगावर होती, उशीले लागून, भिंतीच्या बाजूनं. अभ्र्यावर पांढरा भुगा पडला होता.

“ही वर कोणं ठेवली?”

तिनं नाक पुसलं. बॅगेत साड्यांखाली नर्सिंगची जाडजाड पुस्तकं होती. त्यावर तिनं अजून एक साडी घातली.

“मले पोळ्यापासूनच समजलं होतं, या गवतानं होते,” ती हळूच म्हणाली. “अकोल्याले शेवटचं वर्ष राह्यलं माझं, उन्हाळ्यात परीक्षा. लग्नाच्या वक्ती हो म्हणाले सगळे. आता नाव काढू देत नाहीत.”

“मंग भांडाचं ना.”

“तुमी रोजच भांडता. काय भेटलं?”

बाहेरून आई ओरडली, काय आदळून राहिला बे? अंकुरनं पायानं पोतं परत पलंगाखाली लोटलं. उशीजवळची जुडीही खाली टाकली, अन् अभ्रा उलटा करून झटकला.

बाहेर बाबा गुच्छ बांधत होता. तीन गुलाब, मागं पांढरी भरती. विपुल बाजूले मोबाइल पाहत बसला होता.

“समजलं का काय ते?” बाबानं विचारलं.

“हो,” अंकुर म्हणाला. “तुमचंच बराबर होतं. झेंडूच आहे. आपल्या घरात तर बारोमास झेंडू. दिवाळीनंतर आणान तर मरन ती. उन्हाळ्यापर्यंत नावच नका काढू.”

“मी म्हणत नव्हतो?” बाबा म्हणाला. आईनं मान हालवली. विपुलनंही, मोबाइलातून डोकं न काढता.

अंकुरनं तिघांकडं एकएकदा पाह्यलं. मंग आतून बॅग आणली. चांगलीच जड होती, पण हातात हलकी असल्यावानी धरली.

“काय भरलं बाप्पा एवढं?” आई म्हणाली.

“साड्या,” अंकुर म्हणाला. “सरका, गाडी सुटन. मले तिले पोचवाले निघा लागते आता.”