बेलभंडार

नगरच्या मद्यपाननिषेध मंडळाचे पगारी प्रचारक नृसिंह कुलकर्णी यांना एकच विद्या येत होती आणि तिचा त्यांना भारी तोरा होता. गावात जायचं, देवळापुढं दारुड्यांना ओळीनं बसवायचं, तासभर शब्दांनी झोडपायचं आणि शेवटी ज्याच्या त्याच्या हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा देऊन खंडोबाची शपथ घालायची. बेलभंडार उचलला की माणूस सुधारला. चला पुढच्या गावाला! दारू म्हणजे जणू पायातला काटा, उपटला की झालं. सुधारलेल्याचं पुढं काय होतं, हे बघायला या गृहस्थांना कधी सवड झाली नाही.

मिरजगावच्या मच्छिंद्रानं असाच त्यांच्यापुढं बेलभंडार उचलला. महिनाभर त्यानं गुत्त्याकडं मान वळवली नाही. मग एका बाजारच्या दिवशी सोबत्यांनी हाताला धरून नेलं आणि तो प्यायला. नुसता प्यायलेला माणूस सकाळी शुद्धीवर येतो. हा तर देवाची आण मोडून बसला होता. आता खंडोबा आपल्या लेकराला धरणार, या धास्तीनं तो घरीच गेला नाही. विहिरीच्या काठावरून त्याला ओढून आणलं ते त्याच्या बायकोनं, छबूबाईनं.

शपथ मोडल्याचं कानावर आलं आणि नृसिंहराव पुढच्या खेपेला आले ते झोडपायच्या तयारीनंच. "देवाचीसुद्धा लाज नाही का रे तुला?" एवढं म्हणतात तोच छबूबाई दारात येऊन उभी राहिली.

"लाज लई हाय त्यास्नी, अण्णा. म्हनून तर हिरीत उडी घालीत हुते. तुमी शपथ घातली आन् गेलात मोटारीत बसून. बाजार दर आठवड्याला भरतो. तवा तुमी कुटं असता?"

इतकी वर्षं नृसिंहरावांनी दुसऱ्यांना लाजवून भाकरी खाल्ली होती. आज स्वतःला लाज वाटली आणि ती चांगलीच झोंबली.

पुढच्या बाजाराला ते दुपारीच मच्छिंद्राच्या ओट्यावर येऊन बसले. तोंड उघडलं की व्याख्यानच बाहेर पडायचं, म्हणून तोंड मिटून बसले. त्यांना याहून मोठी शिक्षा नव्हती. मच्छिंद्र अंबाडीचा दोर वळत होता. यांनीही पीळ द्यायला घेतला आणि दोराची पार वाट लावली. मच्छिंद्र हसला. दिवस मावळला, बाजार उठला.

"आजचा दिस गेला, अण्णा."

"गेला. पुढच्या बाजाराला येतो."

असं वर्षभर चाललं. मधे दोन-तीनदा मच्छिंद्र घसरला, पण लपला नाही. "काल प्यालो," म्हणाला. अण्णांच्या जिभेवर व्याख्यान आलं, ते त्यांनी गिळलं आणि दोराचं दुसरं टोक धरलं. पुढं पुढं तो घसरेनासा झाला.

इकडं मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब मात्र खवळले होते. रावसाहेबांना दारुड्यांचा फार कळवळा. फक्त तो व्यासपीठावरून आणि नाकाला रुमाल लावून. "कुलकर्णी, शपथा का आटल्या? ओट्यावर बसायचा पगार देतो का आम्ही?" असं म्हणत ते फोटोग्राफर घेऊनच मिरजगावात उतरले. मांडव पडला, हार आले, देशोद्धारावर भाषण झालं. ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रावसाहेबांनी मच्छिंद्राला वर बोलावलं आणि बेलभंडाराचं ताट त्याच्यापुढं सरकवलं.

"उचल! जन्मात थेंबाला शिवणार नाही म्हण. आणि तोंड इकडं कर, फोटोत आलं पाहिजे."

मच्छिंद्रानं हात पुढं केला आणि मागं घेतला. खाली छबूबाईनं मांडवाचा खांब घट्ट धरला. ती विहीर दोघांच्याही डोळ्यांपुढं उभी राहिली. मच्छिंद्रानं अण्णांकडं बघितलं.

आडवं गेलं की नोकरी गेली, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते उठले. त्यांनी ते ताट आपल्याकडं ओढलं आणि स्वतःच बेलभंडार उचलला.

"खंडोबाची आण, यापुढं मी कुणालाही शपथ घालणार नाही, घालू देणार नाही."

रावसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आजपासून मंडळाचा आणि तुमचा संबंध संपला!" असं ओरडून ते मोटारीत बसले. फोटोग्राफर बिचारा कॅमेऱ्याची तिवई गोळा करत मागं धावला. देशोद्धार धुरळा उडवत नगरकडं निघून गेला.

मांडव रिकामा झाला. अण्णा पिवळ्याधमक हातांकडं बघत बसून राहिले. मच्छिंद्र शेजारी येऊन टेकला.

"अण्णा, शपथच घेतलीत व्हय शेवटी? खोड जाईना तुमची. आन् मोडली मंजी?"

अण्णांचा चेहरा उतरला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मोडेलही," ते हळूच म्हणाले. "जन्माची सवय आहे."

"मग तोंड लपवू नगा. सरळ माज्या वट्यावर या," मच्छिंद्र म्हणाला. "मी काय बोलायचो न्हाई."