चाळिसावी तक्रार

बढती मिळाली तर तक्रार कक्षाच्या अधिकाऱ्याला स्वतःची केबिन मिळणार होती, तिला आतून लावता येणारं दार असणार होतं, आणि त्याहून मोठी कमाई म्हणजे सासरे चारचौघांत "आमचे जावई तक्रारींचं काहीतरी बघतात" असं म्हणायचे थांबणार होते. अट एकच: महिनाअखेर एकही तक्रार शिल्लक नको. कर्मचाऱ्यांच्या एकोणचाळीस तक्रारी त्याने निकालात काढल्या होत्या. काही न्यायाने, काही चहा पाजून. उरली होती रेकॉर्डवाल्या बाईंची, चार पानी. हेडक्लार्क जेवायला जाताना, मी आत काम करत असतानाच, रेकॉर्डच्या तळघराला बाहेरून कुलूप लावून जातो, असं पहिल्याच ओळीत होतं. पुढचं वाचायची गरज अधिकाऱ्याला वाटली नव्हती.

शेवटच्या दिवशी, एकला पाच कमी असताना, माघारीचा अर्ज घेऊन तो तळघरात उतरला.

"मावशी, नुसती सही करा. हेडक्लार्कला मी तोंडी दम देतो."

"आठ महिने तोंडीच चाललंय, साहेब." बाई फायलींना दोरी बांधत राहिल्या.

"अहो, पण इतकं काय बिघडतं? तासाभराचा तर प्रश्न!"

तेवढ्यात जिन्याच्या वर कुलूप खडखडलं. आत न डोकावता कुलूप लावायची हेडक्लार्कची सवय जुनीच होती.

अधिकाऱ्याने दारावर थापा मारल्या, हाका मारल्या.

"ऐकू जात नाही," बाई म्हणाल्या. "पान दुसरं."

त्याने मोबाईल काढला.

"रेंज येत नाही. तेही दुसऱ्याच पानावर."

तो हताश होऊन खुर्चीत बसला. खुर्ची डावीकडे कलली.

"ती तिसऱ्या पानावर आहे. वाचलं नाहीत वाटतं?"

"वाचलं की. वरवर."

पावणेदोनला तो उठला, बसला, पुन्हा उठला. सकाळपासून त्याचे चार चहा झाले होते.

"मावशी, इथे... ते कुठे आहे?"

"वरच्या मजल्यावर."

"मग तुम्ही काय करता?"

"घरून निघाल्यापासून पाणीच पीत नाही मी," गाठ आवळत बाई म्हणाल्या. "पान चौथं. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे."

अधिकाऱ्याने माघारीच्या अर्जाची घडी घातली आणि गुपचूप खिशात कोंबली.

सव्वादोनला दार उघडलं. हेडक्लार्कला बाजूला सारून तो आधी वर धावला. परत आला, तर हेडक्लार्क घामाघूम.

"साहेब, तुम्ही आत होतात हे कुणी पाहिलेलं नाही. लिहिलंत, तर तुम्ही साक्षीदार. साक्षीदाराला निकाल देता येत नाही. तक्रार दुसऱ्याकडे जाणार, म्हणजे आज शिल्लक राहणार. गेली ना बढती! माझ्यासाठी नको, स्वतःसाठी गप्प बसा."

बोलणं बिनचूक होतं. अधिकाऱ्याने बाईंकडे पाहिलं. त्या मुद्दाम कपाटाकडे बघत होत्या.

"कागद द्या, मावशी," तो म्हणाला. "एक ते सव्वादोन, ना?"

"एक वाजून दोन मिनिटं. नेमकं लिहा."

महिन्याभरात कुलूप निघालं. बढती शेजारच्या टेबलाला मिळाली; त्याच्याकडे मुळात तक्रारीच येत नसत. हेडक्लार्कला लेखी समज मिळाली, आणि ती फाईलला लावायचं कामही त्याच्याचकडे आलं. म्हणजे कुलूप लावणाऱ्याच्या वाट्याला एक कागद. आठ महिने मोजले बाईंनी, आणि बढतीची पुढची यादी लागेपर्यंतची तीन वर्षं मोजली अधिकाऱ्याने.