उम्म खालिदकडे कोण कोण येतं

एकोणीसशे साठ साली कुवेतात घरोघरी जाऊन बायकांना शिलाई शिकवणारी कोकणी बाई एकच होती, म्हसळ्याची मुमताज हुर्झुक. लेव्हंट अँड ओरिएंट ट्रेडिंग कंपनीकडून शिलाई मशीन घेतली की शिकवायला बाई फुकट घरी येते, अशी त्या कंपनीची जाहिरात होती. ती बाई म्हणजे मुमताज. तिचा नवरा नझीर त्याच कंपनीच्या गोदामात कामाला होता. दोघांचा इकामा, म्हणजे कुवेतात राहायचा परवाना, कंपनीच्या नावावर. राहायची खोलीसुद्धा कंपनीचीच, गोदामाच्या मागच्या अंगाला.

बाजारात कंपनीबद्दल बरं बोललं जात नसे. बसरा, अबादान, बैरूत, सगळीकडे हिच्या कचेऱ्या, पण माल असा कितीसा खपतो? नवेनवे गोरे साहेब येतात, महिनाभर फिरतात, निघून जातात. एकाला कोणी मशिनीची सुई कशी बदलतात विचारलं तर तो नुसता हसला होता. ‘ही दुकानदारी नाही, हेरगिरी आहे,’ असं सूकमधले, म्हणजे बाजारातले, व्यापारी उघड म्हणत. नझीर ते ऐकून घरी येऊन हसायचा. "जळतात," म्हणायचा. "आपल्या कंपनीला रंगीत पाटी हाय, त्यांच्याकडं काय हाय?"

मुमताजला तर कंपनी आवडायचीच. कारण होतं मॅनेजर पर्सेल साहेब. तो पूर्वी मुंबईला होता, हिंदुस्थानी चांगली बोलायचा. दर गुरुवारी दुपारी तो तिला कचेरीत बोलवायचा, दुधाचा चहा मागवायचा आणि विचारायचा, "या आठवड्यात कुठे कुठे गेलात?" मग ती सांगायची. अमक्या घरात सुना किती, कोणाला झालरीचा फ्रॉक शिकायचाय, पुरुषांच्या बैठकीत गर्दी कोणाकडे जास्त असते, रेडिओवर कैरो लागतं की लंडन. "गिऱ्हाईक कळलं पाहिजे ना," साहेब म्हणायचा. मुमताजला ते पटायचं. म्हसळ्यात काय, कुवेतात काय, तिचं बोलणं मान डोलावत इतक्या लक्षपूर्वक आजवर कोणीच ऐकलं नव्हतं.

तिचं सगळ्यात आवडतं घर दस्मानला, समुद्राच्या बाजूला होतं. उम्म खालिदचं. नवरा अबू खालिद कापडाचा व्यापारी, घर मोठं, आणि उम्म खालिदच्या जिभेला हाड नाही. पहिल्या दिवशी तिने मुमताजने शिवलेली बाही उलटी करून पाहिली, टाके नखाने ओढून बघितले, आणि म्हणाली, "बस. तू चोर नाहीस." तेव्हापासून मुमताज त्या घरात ‘उम्म असमा’ झाली, म्हणजे तिच्या मुलीची, असमाची आई.

तिथेच लैला यायची. मुलींच्या शाळेत शिक्षिका, मूळची हैफाची. घर गमावून आलेली माणसं जशी जपून हसतात तशी हसायची. एकदा तिच्या निळ्या कापडाचं माप घेताना मुमताजच्या तोंडात टाचण्या होत्या, आणि लैला उम्म खालिदला सांगत होती, "ईदला रियाज येतोय. बसऱ्याहून, मोटारने. त्याने खूप काही लिहून ठेवलंय, सोबत आणतोय. अबू खालिदच्या बैठकीत वाचणार म्हणाला."

रियाज तिचा भाऊ. बसऱ्याच्या एका वर्तमानपत्रात होता.

त्या गुरुवारी चहा पिता पिता मुमताजने हेही सांगितलं. लैलाचा भाऊ येतोय, अबू खालिदच्या बैठकीत काही वाचणार आहे, किती खूष आहे बिचारी. साहेबाने विचारलं, "कधी? कुठल्या रस्त्याने?" तिला वाटलं, घरात पाहुणा म्हणजे नवे कपडे, नवे कपडे म्हणजे दोरा आणि सुया. तिने सांगून टाकलं.

ईद झाली. रियाज आला नाही. चार-पाच दिवसांनी मुमताज दस्मानला गेली तेव्हा शिलाईच्या खोलीत मशीन झाकलेली होती आणि लैला भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. सरहद्दीच्या नाक्यावर रियाजला उतरवून घेतलं होतं. इंग्रजांविरुद्ध लिहिलेले कागद जप्त, माणूस कोठडीत. लैलालाही एका कचेरीत बोलावून दुपारभर बसवून ठेवलं होतं.

"त्यांना सगळं ठाऊक होतं," लैला म्हणाली. "कुठल्या दिवशी, कुठल्या रस्त्याने, कोणाच्या बैठकीत वाचणार. उम्म खालिद, मी शाळेत बोलले नाही. शेजारी बोलले नाही. फक्त या खोलीत बोलले होते."

खोलीत तेव्हा उम्म खालिदच्या दोन सुना होत्या, एक म्हातारी नणंद होती आणि मुमताज होती. सुना एकमेकींकडे पाहू लागल्या. थोरली धाकटीकडे असं बघत होती की धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुमताज गप्प राहिली असती तर धाकटीवर सगळं ढकललं गेलं असतं, हे तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. ती उभी राहिली.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "कंपनीच्या साहेबाला. दर गुरुवारी विचारतो तो. मला वाटलं, गिऱ्हाइकासाठी विचारतो. तिच्याकडे बघू नका. मी सांगितलं."

उम्म खालिदने नुसतं दाराकडे बोट केलं. मुमताजने पायात चप्पल घातली आणि अंगणातून बाहेर पडली. मागून लैलाचा आवाज आला, "किती दिलं त्यांनी तुला?" मुमताज वळली. "एक चहा," म्हणाली, आणि चालू लागली.

घरी न जाता ती सरळ नव्या रस्त्यावरच्या कंपनीच्या कचेरीत गेली. गुरुवार नव्हता. पर्सेल साहेबाने मान वर केली.

"साहेब, लैलाच्या भावाचं तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"बसा ना."

"नाही बसत. कोणाला सांगितलंत?"

साहेबाने पेनाचं टोपण लावलं. शांतपणे म्हणाला, "मुमताजबाई, कंपनी कंपनीचं काम करते. तुम्ही शिलाई शिकवता, तुमचे मिस्टर गोदाम बघतात. तुमची मुलगी इथे शाळेत जाईल. यातलं काही बिघडावं असं तुम्हालाही वाटत नसेल."

तो धमकी देतोय हे तिला जरा उशिराने कळलं, इतक्या प्रेमाने तो बोलत होता.

नझीरला तिने सगळं सांगितलं तेव्हा तो बाजेवर डोकं धरून बसला. त्याला कंपनीत आणलं होतं यूसुफचाचांनी. चाचा रत्नागिरीचे, कंपनीचे जुने कारकून. नझीरने त्यांनाच बोलावून आणलं.

"पोरी, माझं ऐक," यूसुफचाचा म्हणाले. "कोण हेर, कोण सावकार, आपल्याला काय करायचंय? आपण खाली मान घालून पगार घ्यायचा. साहेबाच्या पुढ्यात परत जाऊ नकोस."

"चाचा, ज्या घरांत मी पाणी प्याले त्या घरांचं काय?"

"त्यांना काय ठाऊक हाय?"

"म्हणून तर," मुमताज म्हणाली. "त्यांना ठाऊक नाय म्हणून तर सांगायला पायजे."

नझीर उसळला. "आणि आपण? परत गावी, दिघीला जाऊन मासे सुकवत बसू? इकामा त्यांच्या हातात हाय, मुमताज! उद्या सही मारली की आपण बोटीवर!"

"तर बोटीवर. पण मना त्यांनी कुत्रं करून त्या घरांत सोडली होती, हुंगायला. हे मी पोटात घेऊन नाय जाणार."

दुसऱ्या दिवसापासून तिने एकेक घर गाठायला सुरुवात केली. बुरखा चढवून, असमाला शेजारी झुलेखाकडे ठेवून, एकेका दारात जायची. आत जाऊन बसायची नाही. उंबऱ्यातूनच सांगायची, "मी तुमच्याकडे शिलाई शिकवायला येत होते. कंपनीचा साहेब मला विचारायचा तुमच्याकडे कोण येतं, काय बोलतं. मी सांगत होते. आता तुम्हाला सांगते. माफी मागत नाही, ती मागायला तोंड नाही. सावध राहा." काही ठिकाणी दार तोंडावर लागलं. सालहियाला एका बाईने तिच्यावर पाणी फेकलं. एकीने जवळ बसवून खजूर दिले आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं, शेजारणींना ऐकवायला.

आठवड्याच्या आत कंपनीने खोली सोडायला सांगितलं. नझीरला गोदामातून काढलं. इकामा रद्द करणार असा निरोप आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा निरोप, साहेबांना भेटा.

मुमताज गेली तेव्हा पर्सेल साहेब दुकानाच्या दर्शनी भागात उभा होता. दुपारच्या नमाजानंतरची वेळ, गिऱ्हाइकं होती, दोन-तीन बायका नव्या मशिनी बघत होत्या. त्याने तिला कोपऱ्यात नेलं. त्याची अट अशी, त्याच्या मडमेसोबत मोटारीने घरोघरी जायचं, आणि सांगायचं की पगारावरून भांडण झालं म्हणून रागाच्या भरात खोटं बोलले. एवढं केलं की खोली परत, नझीरला बढती.

"आणि रियाज?" मुमताजने विचारलं.

"त्याचा आमच्याशी काही संबंध नाही."

"मग लैलाला त्यांनी जे विचारलं ते कोणाच्या तोंडचं होतं? माझ्याच ना?" तिचा आवाज वाढला. तिने अरबीत सुरू केलं, मोडकंतोडकं, बायकांच्या खोल्यांत शिकलेलं. "आयकून घ्या! साहेब म्हणतो मी खोटं बोलले म्हणून सांग. नाही सांगणार! मशीन घ्या, नका घेऊ, तुमची मर्जी. पण शिकवायला बाई आली तर तिच्यासमोर तोंड उघडू नका!"

मशिनी बघणाऱ्या बायका थबकल्या. साहेबाचा चेहरा लाल झाला. "यूसुफ, हिला बाहेर काढा."

यूसुफचाचा काउंटरच्या मागे उभे होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. जागचे हलले नाहीत.

"यूसुफ!"

"साहेब," चाचा म्हणाले, "माझ्या मुलखातली लेक आहे ती. मी हात नाही लावणार."

मुमताज आपल्या पायांनी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचं शटर उघडलं तेव्हा फूटपाथवर एक शिलाई मशीन ठेवलेली होती. लाकडी पेटीसकट. शेजारी उम्म खालिदचा हमाल उकिडवा बसला होता. "बाईंनी सांगितलंय," तो म्हणाला, "पैसे नकोत. ही वस्तू घरात नको."

दुपारपर्यंत आणखी मशिनी आल्या. हातगाडीवर, हमालांच्या पाठीवर, एक तर पाण्याच्या टाकीच्या गाडीवरून. सालहियाच्या त्या पाणी फेकणाऱ्या बाईची पायमशीन सगळ्यात मोठी. दुकानाच्या दारात जायला वाट राहिली नाही. सूकमधले व्यापारी कामं सोडून बघायला आले. इतके दिवस जे पाठीमागे बोलत होते ते आता साहेबाच्या देखत हसत होते. आतून कोणी मशिनी उचलायला आलं नाही. नझीर लांब उभा राहून बघत होता. संध्याकाळी झुलेखाच्या घरी, जिथे ते तिघं पथारी टाकून राहिले होते, तो आला आणि बायकोसमोर बसला. मग म्हणाला, "गोदामात मी त्या मशिनी उचलून ठेवायचो तेव्हा पाठ मोडायची. आज रस्त्यावर बघितल्या तर हलक्या वाटल्या."

उम्म खालिदने दोघांना बोलावून घेतलं ते इकामा रद्द होऊन देश सोडायची मुदत संपत आली तेव्हा. अंगणात उभं ठेवूनच बोलली.

"रियाजबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. करीन असं वाटत नाही. पण ज्या लोकांनी त्याला पकडून दिलं त्यांच्या मर्जीने तू या गावातून जावंस, हेही मला चालणार नाही. अबू खालिद नझीरला दुकानात घेतोय. परवाना त्याच्या नावावर."

"मी पण काम करीन," मुमताज म्हणाली. "फुकट नाही राहणार."

"तुला फुकट ठेवतंय कोण?" उम्म खालिद म्हणाली. "उद्या सकाळी ये. माझ्या सुनांना अजून गळा कापता येत नाही."

कंपनी हेरांची होती की नव्हती, हे कधी कोणी सिद्ध केलं नाही. पर्सेल साहेब हिवाळ्यात रजेवर गेला तो परतला नाही. कुवेत स्वतंत्र झालं त्या उन्हाळ्याच्या आधीच नव्या रस्त्यावरची ती रंगीत पाटी उतरली आणि तिथे एअर कंडिशनरचं दुकान आलं. यूसुफचाचा त्या नव्या दुकानात लागले.

लैलाने मात्र मुमताजला पुन्हा कधी माप घेऊ दिलं नाही. उम्म खालिदकडे दोघी समोरासमोर आल्या तर लैला उठून दुसऱ्या खोलीत जायची. मुमताज तिला अडवत नसे आणि स्वतःही तिथून उठून जात नसे. उम्म खालिदने दुसऱ्या दुकानातून आणलेली नवी मशीन चालवत राहायची.

मग एका दुपारी लैला आली आणि दारातच थांबली. रियाज सुटला होता. बैरूतला पोचला होता. दोन दात गेले होते, बाकी ठीक.

"त्याने विचारलंय," लैला म्हणाली, "की सगळ्यांसमोर उभी राहून ‘मी सांगितलं’ म्हणाली, ती बाई कशी आहे."

मुमताजचा पाय मशिनीवरच थांबला. "काय सांगितलंस?"

"सांगितलं, अजून ठरवलं नाही."

मुमताजने दोरा तोडला. "ठरवशील तेव्हा तोंडावर येऊन सांग," ती म्हणाली. "वाईट असलं तरी. मी कुठे जात नाही."

लैला आत येऊन, जरा लांब, खिडकीपाशी बसली.